तक्त्यातला रिकामा त्रिकोण

गोंदियाहून येणारं विमान दर दुसऱ्या रविवारी लेट व्हायचं, आणि दर दुसऱ्या रविवारी शाल्मली मगदूमचे पप्पा कोल्हापूरच्या विमानतळाबाहेर उभे राहून त्या विमानाच्या नावानं खडे फोडायचे.

त्या जानेवारीतल्या रविवारीही तेच. शाल्मली पाठीवर दप्तर टाकून बाहेर आली, तर पप्पा हातात भडंगाची पुडी घेऊन मोबाईलकडे डोळे वटारून बघत होते.

"पाच एकोणीसला यायचं विमान. टेकलं कवा? पाच बेचाळीस! तेवीस मिनिटं लेट. ह्यांना कुणी विचारणारं हाय का न्हाई?"

"पण पप्पा, सुटलं अगदी वेळेवर. चाकं उचलली तेव्हा बरोब्बर चार वाजले होते. मी घड्याळ लावलं होतं."

"मग मधी चहाला थांबलं काय?"

शाल्मलीला हसू आलं. पण मोटारसायकलवर मागे बसून भडंग खाताना ते हसू हळूहळू मावळलं आणि डोक्यात भुंगा शिरला. खरंच की! वेळेवर सुटलं, वाटेत कुठे थांबलं नाही, मग तेवीस मिनिटं गेली कुठे?

आता शाल्मलीबद्दल एक गोष्ट आधीच सांगायला हवी. ती दहावीत होती आणि तिच्याकडे एक वही होती. गेली दोन वर्षं ती दर दुसऱ्या शुक्रवारी शाळा सुटली की आईकडे गोंदियाला उडायची आणि रविवारी परत यायची. चाकांनी जमीन सोडली की घड्याळ चालू, चाकं टेकली की बंद, आणि आकडा वहीत. का? काही कारण नाही. काही मुली तिकिटं जमवतात, काही दगड. शाल्मली मिनिटं जमवायची.

त्या रात्री जेवण झाल्यावर तिनं वही पहिल्या पानापासून वाचली, आणि वाचता वाचता ताठ बसली. परतीचं विमान नेहमीच लेट होतं, पण सारखं नाही. पावसाळ्यात सातेक मिनिटं. उन्हाळ्यात सोळा-सतरा. डिसेंबर-जानेवारीत थेट बावीस-तेवीस.

"पप्पा," ती ओरडली, "हे विमान कॅलेंडर बघून लेट होतंय!"

"झोप आता," आतून आवाज आला.

*

ही विमानं म्हणजे लोकांच्या भाषेत 'पाखरं'. एकोणीस माणसांचं विजेवर चालणारं विमान, पंखांवर सहा पंखे, पोटात बॅटरी. पूर्वी असं विमान जमायचं नाही, कारण बॅटरीच इतकी जड की तिची निम्मी ताकद स्वतःलाच वाहून नेण्यात संपायची. मग बॅटरीतला द्रव काढून त्या जागी काचेसारखा घन पदार्थ भरण्याची युक्ती साधली आणि तेवढीच वीज निम्म्या वजनात मावायला लागली. झालं! ज्या धावपट्ट्यांवर शेळ्या चरायच्या तिथून दिवसाला दोन-दोन पाखरं उडायला लागली. तिकीट एसटीच्या आराम गाडीएवढं.

आणि मग लोक किलोमीटर विसरले. कोल्हापूर ते गोंदिया आठशे तीस किलोमीटर, म्हणजे राज्याचं एक टोक ते दुसरं टोक. पण तसं कोणी म्हणेना. "काय लांब आहे? सव्वा तास!" असंच सगळे म्हणायचे. लग्नाच्या जाहिरातीतसुद्धा 'स्थळ चाळीस मिनिटांच्या आतले हवे' असं यायला लागलं.

ते सरकारनंही ऐकलं. पूर्वी नवरा-बायको दोघंही नोकरीत असले आणि एकमेकांपासून लांब असले, तर बदली करून त्यांना एकत्र आणायचा नियम होता. त्या नियमात किलोमीटर होते. ते खोडून मिनिटं आली. नवा नियम सांगायचा, दोघांच्या जवळच्या विमानतळांमधला प्रवास जाऊन-येऊन बारमाही तीन तासांच्या आत होत असेल, तर ते पती-पत्नी एकत्रच आहेत असे समजावे. बारमाही म्हणजे पावसातही विमान बंद पडता कामा नये, एवढाच अर्थ सगळ्यांनी घेतला. लक्षात राहिले ते तीन तास.

शाल्मलीचे पप्पा करवीर तालुक्यात गुरांच्या सरकारी दवाखान्यात नोकरीला होते. आई गोंदियाजवळ कोसमटोल्याच्या शाळेत शिक्षिका. कुठून कुठे किती मिनिटं, याच्या सरकारी तक्त्यात कोल्हापूर-गोंदियाच्या चौकोनात आकडा होता एकोणऐंशी. जाऊन-येऊन एकशे अठ्ठावन्न मिनिटं. तीन तासांच्या कितीतरी आत! म्हणजे मगदूम कुटुंब एकत्र होतं. कागदोपत्री अगदी एका ताटात जेवत होतं.

एकत्र म्हटल्यावर बदली नाही. घरी जायला वेगळी रजा नाही. मागच्या वर्षी पप्पांच्या अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं, तेव्हा आईनं रजा मागितली तर वरून उत्तर आलं, "मॅडम, सव्वा तासाचं तर अंतर. शाळा सुटल्यावर जाऊन या की." शाळा सुटेपर्यंत दुसरं पाखरू उडून गेलेलं असायचं. आई पोचली तेव्हा पप्पा दवाखान्याच्या व्हरांड्यात फेऱ्या मारत होते.

त्या वेळचीच गोष्ट. आईनं चहा करायला घेतला आणि स्वयंपाकघरातून विचारलं, "साखरेचा डबा कुठे असतो आता?"

पप्पा आणि शाल्मली एकदम म्हणाले, "खालच्या फळीवर!"

आईनं डबा काढला. पण शाल्मलीनं पाहिलं, ती डबा हातात धरून जरा वेळ तशीच उभी होती. स्वतःच्या घरात पाहुणी आल्यासारखी.

आईनं बदलीसाठी अर्ज केला होता. तो नामंजूर झाला. अपील केलं, त्याची सुनावणी याच महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी, गोंदियाला होती. तिथेही 'एकत्र' ठरले, तर पुढची पाच वर्षं अर्ज करता येणार नव्हता. पाच वर्षांनी शाल्मली वीस वर्षांची झाली असती आणि घराबाहेर पडली असती. मग आई कोणाकडे परत येणार होती?

*

शाल्मलीच्या शाळेला सराव परीक्षेआधीची सुट्टी लागली होती, म्हणून ती सुनावणीच्या आठ दिवस आधी, गुरुवारीच निघाली. पहिल्या रांगेत, खिडकीशी, कॅप्टनच्या बरोब्बर मागे तिची ठरलेली जागा. पाखराला मध्ये दार नसतं, त्यामुळे कॅप्टन रहांगडाले मॅडमचा अंबाडा आणि त्यांच्यासमोरचा पडदा दोन्ही दिसायचे. मॅडम गोंदियाकडच्याच, आणि शाल्मलीशी त्यांची चांगली गट्टी होती.

विमान सात किलोमीटर वर जाऊन स्थिर झालं तशी शाल्मली पुढे वाकली. "मॅडम, एक विचारू? परत येताना तुम्ही विमान हळू चालवता का?"

"काहून वं पोरी? मी का बैलगाडी हाकलतो?"

"पप्पा म्हणतात, तुम्ही वाटेत चहाला थांबता."

मॅडम खो खो हसल्या आणि पडद्यावर बोट ठेवलं. "हे पाय. दोन आकडे हायेत. वरचा कितीचा हाय?"

"पाचशे साठ."

"थो हवेतला वेग. खालचा?"

"सहाशे तीस."

"थो जमिनीवरचा. इमानाले जमीन दिसत नाही बाई. त्याले फक्त हवा समजते. हवेतून थे तासाले पाचशे साठच जाते, आजबी अन् परवाबी. पण हवाच सत्तरनं तिकडे चालली असंन तं? थे आपल्याले उचलून सोबत नेते. हिवाळ्यात इतक्या उंचीवर वारा पश्चिमेकडून पूर्वेले. जाताना पाठीवर, येताना छातीवर."

शाल्मलीनं बोटांवर वजाबाकी केली. "म्हणजे येताना पाचशे साठमधून सत्तर वजा. चारशे नव्वद!"

"अन् पावसाळ्यात थोच वारा कमी होते, उलटा फिरते. म्हणून तवा येणं सोपं."

"म्हणजे विमान लेट नसतंच?"

"एक दिवस लेट नाही केलं मी," मॅडम जरा रागानंच म्हणाल्या. "पहिलं पाखरू गोंदियाले मीच आणलं होतं, चाचणीचं. जानेवारीच होता. कोल्हापूरहून एकोणऐंशी मिनिटं लागले, थेच तक्त्यात छापले त्याईनं. पाखरू मंग गोंदियालेच ठेवलं. परतीले किती लागते, थे कोणी इचारलंच नाही!"

चाकं टेकली. शाल्मलीनं घड्याळ थांबवलं. एकोणऐंशी मिनिटं आणि तीन सेकंद.

बाहेर आई उभी होती. पण शाल्मली तिच्या गळ्यात पडायच्या आधी भिंतीवरच्या तक्त्यापुढे जाऊन उभी राहिली. हा तक्ता प्रत्येक विमानतळावर होता आणि तिनं तो शंभर वेळा पाहिला होता. वर आडवी गावांची नावं, डावीकडे उभी तीच नावं, आणि मधले चौकोन पायऱ्या-पायऱ्यांनी भरलेले. कोल्हापूरच्या ओळीत आणि गोंदियाच्या रकान्यात ७९. आता गोंदियाच्या ओळीत आणि कोल्हापूरच्या रकान्यात...

तिथे काहीच नव्हतं. तक्त्याचा खालचा अर्धा भाग कोरा होता. एक मोठा पांढरा त्रिकोण.

"आई, हा अर्धा रिकामा का आहे?"

"अगं, अंतराचे तक्ते असेच असतात. आमच्या लहानपणी एसटीच्या डायरीतही असाच असायचा. कोल्हापूर-सांगली एकदा लिहिलं की सांगली-कोल्हापूर पुन्हा कशाला लिहायचं? इकडून मोजा नाहीतर तिकडून, अंतर तेवढंच."

"अंतर तेवढंच," शाल्मली म्हणाली. मग ती इतक्या जोरात ओरडली की सामान उतरवणारे दोघे जण वळून बघायला लागले. "पण वेळ नाही ना, आई! त्यांनी किलोमीटरचा तक्ता घेतला आणि त्यात मिनिटं भरली! घर जुनंच ठेवलं, माणसं नवी आणली!"

"कसलं घर? कोणती माणसं? आधी पाणी पी."

*

कोसमटोल्याच्या खोलीत, पोरांच्या उत्तरपत्रिकेच्या पाठकोऱ्या कागदावर तिनं गणित मांडलं. आठशे तीस भागिले सहाशे तीस, एकोणऐंशी मिनिटं. आठशे तीस भागिले चारशे नव्वद, एकशे दोन मिनिटं जवळजवळ. बेरीज एकशे एक्क्याऐंशी.

तीन तास म्हणजे एकशे ऐंशी.

आई कागदाकडे बघत राहिली. "एका मिनिटानं?"

"एका मिनिटानं!"

"एका मिनिटासाठी सरकार माझी बदली करेल होय गं?"

"का नाही? एक मिनिट आत असतो तर त्यांनी सोडलं असतं का आपल्याला?"

आईला हसू आलं, पण तिनं लगेच तोंड फिरवलं आणि भाताखालचा गॅस बारीक केला. "शाल्मली, एक सांगू? मला आता भीती वाटते. तुम्ही दोघांनी तुमचं छान बसवलंय. मी आले तर मलाच सगळं विचारावं लागेल. डबा कुठे, चावी कुठे, दूध कोणाकडून."

"मग विचार की! पंधरा दिवस विचारशील. सोळाव्या दिवशी आम्ही तुला विचारू."

रात्री पप्पांचा फोन आला. त्यांनी सगळं ऐकलं, दोनदा बेरीज करायला लावली, आणि मग त्यांचा आवाज चढला. "अगं, म्हंजे दोन वर्सं मी त्या बिचाऱ्या विमानाला शिव्या घातल्या व्हय! आणि चुकीचा तो तक्ता! नाद खुळा, शाले! वही घेऊन जा. पण थांब. पावसाळ्याची पानं दाखवू नको."

ते तिच्याही मनात येऊन गेलं होतं. पावसाळ्यात वारा कमी, त्यामुळे जाऊन-येऊन एकशे अठ्ठ्याहत्तर भरायचे. सगळ्या वर्षाची सरासरी तिनं काढली होती. एकशे एकोणऐंशी. म्हणजे पूर्ण वही दाखवली तर आपणच आपल्या पायावर धोंडा पाडून घेणार.

"खोटं थोडंच बोलायचंय," पप्पा म्हणाले. "फकस्त थंडीचं तेवढं दाखवायचं."

तिनं हिवाळ्याच्या आठ फेऱ्यांची यादी कोऱ्या कागदावर सुवाच्य अक्षरात उतरवून काढली. वही दप्तराच्या तळाशी गेली.

*

सुनावणीच्या खोलीत टेबलामागे कारंजेकर साहेब बसले होते. निवृत्तीला आलेले, चष्मा कपाळावर चढवलेला, आणि सकाळपासून सतरा अपिलं ऐकून कंटाळलेले. त्यांच्या मागच्या भिंतीवर तोच तक्ता होता.

"मगदूम मॅडम, तक्त्याप्रमाणे तुमचे एकशे अठ्ठावन्न होतात. यात ऐकण्यासारखं काय आहे?"

"माझी मुलगी सांगेल, सर."

"ही? कितवीत आहेस?"

"दहावीत. सर, तुमच्यामागचा तक्ता अर्धा रिकामा आहे."

साहेबांनी मान वळवली, बघितलं, परत फिरवली. "मग? अंतर एकच असतं, बाळ."

शाल्मलीचा आवाज खणखणीत निघाला. तिनं वाऱ्याचं सांगितलं. पाठीवरचा वारा, छातीवरचा वारा, सहाशे तीस, चारशे नव्वद. रहांगडाले मॅडमची चाचणी सांगितली. पाखरू एकाच दिशेनं मोजलं आणि तीच वेळ दुप्पट केली, हेही सांगितलं.

साहेबांनी मान डोलावली. "वा. छान अभ्यास आहे. पण मला सांग, जाताना वारा जेवढा देतो तेवढाच येताना घेतो. सत्तर दिले, सत्तर घेतले. फिट्टंफाट. मग तक्त्यात वाऱ्याशिवायची वेळ धरू. पाचशे साठच्या वेगानं जाऊन-येऊन किती?" त्यांनी गणकयंत्र दाबलं. "एकशे अठ्ठ्याहत्तर. तरीही आत."

आईनं डोळे मिटून घेतले. पण शाल्मलीचे डोळे लकाकले. हा प्रश्न कोणीतरी विचारावा म्हणून ती आठवडाभर वाट बघत होती.

"सर, समजा वारा सत्तरचा नाही, पाचशे साठचा आहे. विमानाच्या वेगाइतकाच."

"बरं, समजलो."

"जाताना वेग दुप्पट. निम्म्या वेळात गोंदिया. पाऊण तास वाचला. आता परत या, सर."

टेबलावर साहेबांची दोन बोटं विमानासारखी पुढे सरकली आणि जागच्या जागी अडली.

"येताच येणार नाही," ते हळूच म्हणाले.

"नाहीच येणार! विमान हवेत पाचशे साठनं पळेल आणि जमिनीवरून इंचभर हलणार नाही. बॅटरी संपेपर्यंत गोंदियाच्या डोक्यावर. मग फिट्टंफाट कसं? सर, पाठीवरच्या वाऱ्यात आपण थोडा वेळ असतो, म्हणून तो थोडंच देतो. छातीवरच्या वाऱ्यात जास्त वेळ असतो, म्हणून तो जास्त घेतो. वारा कुठल्याही बाजूनं वाहू दे, जाऊन-येऊन मिळून तो नेहमी नुकसानच करतो. हिवाळ्यात तीन मिनिटांचं. एकशे अठ्ठ्याहत्तरचे एकशे एक्क्याऐंशी."

शेजारी टिपणं घेणाऱ्या कारकून बाईंनी पेन खाली ठेवलं. "साहेब, बरोबर वाटतंय जी."

"वाटतंय नाही, आहे," साहेब म्हणाले. त्यांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर आणला. म्हणजे आता ते खरोखर ऐकायला लागले. "यादी बघू. आठ फेऱ्या. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी." त्यांनी वर पाहिलं. "आणि बाकीचे महिने? तू काय फक्त थंडीत उडतेस?"

शाल्मलीला पप्पांचा फोनवरचा आवाज आठवला, दप्तराच्या तळाशी वही जड झाल्यासारखी वाटली. 'बाकीचं मोजलं नाही' एवढं म्हटलं की झालं. कोणाला कळणार होतं?

पण त्या वहीतला एकेक आकडा तिनं स्वतः टिपला होता. दोन वर्षं, एकही फेरी न चुकवता. ती वही नाहीच असं म्हणायचं? त्या तक्त्यानं तरी दुसरं काय केलं होतं? अर्धं दाखवलं आणि अर्धं रिकामं ठेवलं.

"आहेत, सर," ती म्हणाली आणि वाकून वही बाहेर काढली. "चव्वेचाळीस फेऱ्या. पावसाळ्यात एकशे अठ्ठ्याहत्तर भरतात. वर्षाची सरासरी एकशे एकोणऐंशी. तीन तासांच्या आत." तिनं वही टेबलावर सरकवली. "मला ही पानं दाखवायची नव्हती. पण आहेत."

आईनं टेबलाखाली तिचा हात धरला आणि घट्ट दाबला.

साहेबांनी वही हातात घेतली. पानं उलटत गेले. मग कारकून बाईंना म्हणाले, "विमानाच्या यंत्रात प्रत्येक उड्डाणाची नोंद असते ना? तीन फेऱ्या काढा. जानेवारीतल्या दोन, आणि जुलैतली एक. जिथे हिचं नुकसान आहे तीच."

दहा मिनिटं लागली. शाल्मलीनं ती घड्याळ न लावता मोजली. मग बाईंनी पडदा साहेबांकडे वळवला.

"जुलै, एकशे अठ्ठ्याहत्तर. पोरीचेबी एकशे अठ्ठ्याहत्तर. जानेवारीचे दोन्ही एकशे एक्क्याऐंशी. काही सेकंदांचा फरक जी."

"हं." साहेब मागे रेलले. "तू नुसती थंडीची यादी दिली असतीस ना, तर मी म्हटलं असतं, आठ दिवस वारा जास्त होता, त्यात काय मोठं? अपील फेटाळलं असतं. आता माझ्याकडे पुरती दोन वर्षं आहेत. दोन्ही हिवाळे तसेच. आणि जुलैत खरं लिहिणारी जानेवारीत खोटं लिहीत नाही." त्यांनी फायलीतून नियमाचा कागद काढला. "आता हे वाच. मोठ्यानं."

"जाऊन-येऊन बारमाही तीन तासांच्या आत..." शाल्मली थांबली. "बारमाही?"

"माझ्या नोकरीची पहिली दहा वर्षं मी गावांना जाणाऱ्या रस्त्यांची पाहणी करायचो. आठ महिने गाडी जाते आणि चार महिने जात नाही, त्या रस्त्याला आम्ही बारमाही कधी लिहिलं नाही. सरासरी काढून तर नाहीच. सरासरीवर गाडी चालत नाही, बाळ. तुमची हवेतली वाट नऊ महिने तीन तासांच्या आत आहे आणि तीन महिने बाहेर. म्हणजे बारमाही नाही." त्यांनी शिक्का उचलला. "मगदूम मॅडम, तुम्ही एकत्र नाही आहात. अभिनंदन."

एकत्र नसल्याबद्दल अभिनंदन झालेलं ते राज्यातलं पहिलं कुटुंब असावं. आई हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली, आणि कारकून बाई पाण्याचा ग्लास शोधायला धावल्या.

निघताना साहेबांनी हाक मारली. "ए पोरी. ह्या रिकाम्या त्रिकोणाबद्दल मी वर लिहितोय. अशी अजून किती कुटुंबं असतील?"

"मोजून सांगू, सर?"

"नको नको," साहेब घाईघाईनं म्हणाले, "तू आधी दहावी हो."

*

मे महिन्यात आईचं सामान गोंदियाच्या विमानतळावर वजनकाट्यावर चढलं. कोसमटोल्याच्या पोरांनी दिलेली तांदळाची पुरचुंडी चारशे ग्रॅम जास्त झाली, तर रहांगडाले मॅडमनी स्वतःच्या पिशवीतली पाण्याची बाटली उतरवून ठेवली. "जाऊ द्या. मी तिकडं पेईन. कोल्हापूरची मिसळ खाल्ली का पाणी लागतेच."

भिंतीवर नवा तक्ता लागला होता. सगळे चौकोन भरलेले, खालचे आणि वरचे, आणि प्रत्येकात वर्षात लागणारा सगळ्यात जास्त वेळ. गोंदियाच्या ओळीत आणि कोल्हापूरच्या रकान्यात १०२. शाल्मलीनं त्या आकड्यावर बोट टेकवलं.

"मे महिना आहे," ती विमानात आईला म्हणाली. "वारा चाळीसच्या आसपास. शहाण्णव मिनिटं लागतील. पैज?"

"तुझ्याशी मी पैज लावत नाही."

शहाण्णव मिनिटांनी चाकं टेकली. दोघी बाहेर आल्या, तर पप्पा कठड्याला टेकून उभे. हातातली भडंगाची पुडी निम्मी संपलेली. शर्ट घामानं चिकटलेला.

आईनं पुडीकडे पाहिलं. "कधीपासून उभे आहात?"

"झाली की सतरा मिनिटं."

शाल्मलीनं कपाळावर हात मारला. "पप्पा! एकोणऐंशी मिनिटं धरून आलात? जुना तक्ता गेला की! आता तिथे एकशे दोन आहे. अख्ख्या राज्याचा तक्ता मी बदलला आणि माझ्याच घरात कुणी बघत नाही!"

"बघितला की," पप्पा आईच्या हातातली पिशवी घेत म्हणाले. "नव्या तक्त्याप्रमाणं आलो असतो, तर सहा मिनिटं उशीर झाला असता. तुझी आई हितं एकटी उभी राहिली असती."

आईनं पुडीतले चार दाणे उचलून तोंडात टाकले आणि मग एकदम विचारलं, "घरी साखर आहे ना? आणि डबा कुठे असतो आता?"

"खालच्या फळीवर," पप्पा म्हणाले. "तुला पायजे तिथं ठेव."

शाल्मलीनं वही काढली. तारीख, गोंदिया ते कोल्हापूर, शहाण्णव मिनिटं. मग जरा विचार करून त्याच ओळीच्या शेवटी, जिथे आजवर कधीच काही लिहिलं नव्हतं, तिनं लिहिलं : पप्पा, सतरा मिनिटं लवकर.